सत्तेचाळिसाव्या वर्षी वीजतंत्री

दिवाळीआधीच्या आठवड्यात मध्यमवर्गीय घरात ज्याची सर्वांत जास्त वाट पाहिली जाते तो जावई नव्हे, वायरमन! आकाशकंदिलासाठी गॅलरीत एक पॉइंट हवा असतो, गेल्या वर्षीची माळ अर्धीच पेटत असते, आणि घरातले कर्ते पुरुष वायरची उघडी टोके प्लगच्या भोकांत घालून वर काडेपेटीच्या काड्या खोचण्याच्या बेतात असतात. अशा वेळी हा माणूस दारात उभा राहिला की आपल्याला हायसे वाटते. पण ते चेहऱ्यावर दिसू न देता आपण विचारतो, "दोन पॉइंटांचे काय घेणार?"

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आता या प्रश्नाला उत्तर देणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले आहेत. तीस वर्षे ते छापखान्यात होते. शिशाचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, पुढे संगणकावर अक्षरजुळणी शिकले. आमच्या महाविद्यालयाचे वार्षिक त्यांच्या हातून जाई, आणि माझ्या लेखातला ऱ्हस्व-दीर्घ तेच मुकाट्याने सुधारीत. २०२१ साली छापखाना बंद झाला. दुसरीकडे विचारायला गेले तर सगळीकडे पंचविशीतली मुले हवी होती. अखेर २०२२ साली त्यांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत नाव घातले. या संस्थांची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची आहे. प्रवेशाला वयाची खालची मर्यादा १४ वर्षे. वरची मर्यादाच नाही. ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते?

सरकारी मराठीत इलेक्ट्रिशियनला वीजतंत्री म्हणतात आणि वायरमनला तारतंत्री. आता संस्कृतात तंत्री म्हणजे वीणेची तार; तेव्हा तारतंत्री म्हणजे नुसती तारतार! भाषेच्या मास्तराला असला शब्द सोडवत नाही. असो.

दोन वर्षांचा वीजतंत्रीचा अभ्यासक्रम. वर्गात सतरा-अठरा वर्षांची मुले, निदेशक यांच्याहून दहा वर्षांनी लहान. मुले यांना 'काका' म्हणत, आणि हे निदेशकांना 'सर' म्हणत. पहिल्या सत्रात तारांचे जोड शिकवतात. त्यात एक 'मॅरीड जॉइंट' असतो. दोन्ही तारांचे पदर उलगडायचे, एकमेकांत घालायचे आणि मग दोन्ही बाजूंनी घट्ट पिळायचे. पोरे हसली. काकांना पंचवीस वर्षांचा अनुभव. त्यांचाच जोड पहिल्या फटक्यात जमला म्हणतात.

विनोद सोडला तर या वयात अडचणी खऱ्याच असतात. दुहेरी भिंगाच्या चष्म्यात जवळचे दिसायची काच खाली असते, आणि वीजवाल्याचे निम्मे काम डोक्यावर. शिडीवर चढून मान मागे टाकली तरी स्क्रू दिसेना. शेवटी कामापुरता वेगळा चष्मा करावा लागला. गुडघे कुरकुरले ते निराळेच. शिवाय ही दोन वर्षे घर चालले ते वहिनींच्या शाळेतल्या पगारावर. जिथे दुसरा पगार नाही तिथे असला उपदेश कुणी कुणाला करू नये.

पण छापखान्यातली एक सवय त्यांना इथे फार उपयोगी पडली. मुद्रितातली चूक शुद्धिपत्रात दुरुस्त होते. २३० व्होल्टला शुद्धिपत्र नसते. तरुण मुले टेस्टर लावतात, दिवा लागला नाही की हात घालतात. हे आधी चालू वायरवर टेस्टर पेटतो का ते पाहतात, मग बंद केलेल्या वायरवर लावतात, आणि पुन्हा एकदा चालू वायरवर. टेस्टरच बिघडला असेल तर? प्रूफ तीनदा वाचणाऱ्याला हा प्रश्न आपोआप पडतो. वीज ही वयाचा मान राखत नाही, पण सावधपणाचा राखते असे मला वाटते.

खरा शॉक बसला तो घरात. मुलीसाठी स्थळे पाहणे चालू होते. "अहो, परिचयपत्रात वडिलांचा व्यवसाय काय लिहायचा?" वहिनींनी विचारले. मेहुण्यांनी 'इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर' सुचवले. ते खोटे ठरले असते. वायरिंगचे काम कायद्याने परवानाधारक कंत्राटदारामार्फत व्हावे लागते, आणि हे तशाच एकाच्या हाताखाली काम करतात. छापखान्यातही ते दुसऱ्याच्याच हाताखाली होते. पण तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला नव्हता! मुलगीच शेवटी म्हणाली, "बाबा, वीजतंत्री लिहा. नाहीतरी ऱ्हस्व-दीर्घ बरोबर लिहिणारा दुसरा कोण मिळणार?" तसे लिहिले गेले. दोन स्थळांकडून उत्तर आले नाही.

तिसऱ्या स्थळाच्या वडिलांचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाले, "आमच्या गिझरच्या नळाला जरा झिणझिण्या येतात. येऊन जाल का?" काका गेले. गिझरचे एलिमेंट गळके झाले होते, आणि भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगची हिरवी वायर जोडलेलीच नव्हती. प्लगची तिसरी पिन जाड आणि लांब असते ती उगाच नव्हे; आत घालताना ती सर्वांत आधी टेकावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. पण मागे वायरच नसेल तर तिने काय करावे? मराठीच्या मास्तराला कळेल अशा भाषेत काकांनी मला सांगितले, "सर, पिन होती, अर्थ नव्हता."

त्यांनी एलिमेंट बदलले, वायर जोडली, मेन स्विचशेजारी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या म्हणून बजावले. इतकी वर्षे आपण त्या नळाखाली अंघोळ करीत होतो हे कळल्यावर यजमान बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी चहा मागवला आणि पाकीट काढून विचारले, "काय द्यायचे?"

काकांनी सामानाचे आणि मजुरीचे मिळून रास्त ते सांगितले, आणि घेतले. वहिनींना ते मुळीच पटलेले नाही. होणाऱ्या व्याह्यांकडून पैसे घेतात का, असे त्यांचे म्हणणे. काका म्हणतात, होकार यायच्या आधीचे काम आहे ते. होकार आला आहे, साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर आहे, आणि वाद अजून मिटलेला नाही. तुमच्या गॅलरीतल्या पॉइंटसाठी मात्र आता पाडव्यानंतरच विचारा. तोवर त्यांना सवड नाही.