सहलीचा हिशेब आणि एस. टी.ची वाट

पर्यावरण हा विषय शाळांतून शिकवला जातो. परंतु आपला प्रवास हाही त्या विषयाचाच एक भाग आहे, असे विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. धुराचे दुष्परिणाम पाठ करणारा मुलगा सुटीत कुटुंबाबरोबर भाड्याच्या मोटारीने निघतो आणि महाबळेश्वरच्या घाटात वाहनांच्या रांगेत अडकतो. या दोन गोष्टींचा संबंध त्याच्या ध्यानी आणून देणे हे शिक्षकाचे काम आहे. ते उपदेशाने साधणार नाही, हिशेबाने साधेल.

फलटणच्या एखाद्या वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडता येईल. वडील, आई, दहा वर्षांचा मुलगा आणि शहात्तर वर्षांचे आजोबा असे कुटुंब भाद्रपदात कासचे पठार पाहण्यास निघाले आहे, असे समजावे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस. टी.चा प्रवास मोफत आहे. स्त्रियांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. बारा वर्षांखालील मुलाचे तिकीटही अर्धेच. म्हणजे चार माणसांचा प्रवास दोन पूर्ण तिकिटांत होतो. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तरीही भाड्याची मोटार या खर्चाच्या जवळपास येत नाही. शिवाय एका इंजिनाचे डिझेल चाळीसएक प्रवाशांत वाटले जाते, हा हिशेब वेगळाच.

कासचे उदाहरण आणखी एका कारणाने उपयुक्त आहे. पश्चिम घाटातील इतर स्थळांसह हे पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. गर्दी वाढू लागली, तेव्हा फुलांच्या हंगामात दररोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. निसर्ग सर्वांचा आहे. म्हणूनच त्याच्या उपभोगाला शिस्त हवी, हे मुलांना येथे प्रत्यक्ष दाखवता येते.

यावर एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारील, 'मोटार हवी तेव्हा निघते, परतीची एस. टी. चुकली तर?' हा प्रश्न रास्त आहे. किंबहुना खरे शिक्षण या प्रश्नापासूनच सुरू होते. गाडी का येत नाही, फेरी कोण ठरवते, सवलतींची भरपाई सरकार महामंडळाला वेळेवर देते काय, हे विचारण्यास मुलांनी शिकले पाहिजे. २०२१-२२ च्या दीर्घ संपात ज्यांच्या दारी वाहन होते त्यांची गैरसोय झाली. ज्यांच्या दारी नव्हते त्यांची वाटच बंद झाली. पास काढून शाळेला जाणाऱ्या खेड्यातील मुली या दुसऱ्या गटातल्या. सार्वजनिक वाहन खिळखिळे होऊ द्यावयाचे आणि तरुणांना मात्र 'मोटार वापरू नका' असे सांगावयाचे, हा दांभिकपणा आहे.

सामुदायिक प्रवासाचे नियोजन फलटणला बाहेरून शिकावे लागत नाही. दर आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी येथे मुक्कामाला असते. दिंडीत भिशी भरली जाते, स्वयंपाकाची कामे वाटून घेतली जातात, राहुट्या आणि शिध्याचा ट्रक पुढे जातो. थोड्या पैशात पुष्कळांनी एकत्र कसे जावे, याचा याहून जुना पाठ कोणता? याच पालखीमार्गाच्या रुंदीकरणाची कोनशिला नोव्हेंबर २०२१ मध्ये बसवली गेली. रस्ता मोठा होण्यास कोणाची हरकत नाही. पण त्यावर मोटारी वाढतात आणि एस. टी.च्या फेऱ्या तेवढ्याच राहतात, तर तो विकास कोणाचा?

शाळांच्या सहलींनाही हीच कसोटी लावावी. शैक्षणिक सहलीसाठी एस. टी. भाड्यात निम्मी सवलत देते. तरीही वर्गणी न जमल्याने शेतमजुराचे मूल घरी राहते. पैशाअभावी वर्गातले एक जरी मूल मागे राहिले, तर त्या सहलीला शैक्षणिक म्हणता येणार नाही. ठिकाण, अंतर, खर्च आणि प्रत्येकाची ऐपत यांचा हिशेब मुलांनीच मांडावा. ठिकाण जवळचे निघाले तरी चालेल; सर्वांना जाता आले पाहिजे.

समाजवादी कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी या कामी पुढाकार घ्यावा. मुलांनी आपापल्या गावच्या थांब्यावर आठवडाभर गाड्यांच्या वेळा टिपाव्यात, रद्द झालेल्या फेऱ्या मोजाव्यात आणि तो तक्ता ग्रामसभेपुढे व आगारप्रमुखांपुढे ठेवावा. पर्यावरणाच्या वहीतले हे पान परीक्षेनंतरही कामाला येईल.