पुरस्कार कंपनीला, आजारपण कंत्राटी कामगाराला

पुण्या-मुंबईतल्या आयटी पार्कमध्ये, बँकेच्या मुख्यालयात किंवा मोठ्या खासगी रुग्णालयात शिरलो की स्वागतकक्षाच्या भिंतीवर अलीकडे एक चौकट हमखास दिसते. ‘काम करण्यासाठी उत्तम ठिकाण’, ‘कर्मचारी आरोग्य सन्मान’ अशा अर्थाचे काहीतरी त्यावर लिहिलेले असते. ती चौकट रोज सकाळी पुसणारी बाई मात्र त्या कंपनीची कर्मचारी नसते. ती हाउसकीपिंगच्या ठेकेदाराकडे असते. दारातला सुरक्षारक्षक दुसऱ्या ठेकेदाराकडे, कॅन्टीनमधला मुलगा तिसऱ्याकडे. कंपनीत योगाचे वर्ग होतात, मानसोपचारतज्ज्ञाशी फोनवर बोलण्याची सोय असते, वर्षातून एकदा रक्ततपासणी होते. या तिघांपैकी कोणाचे नाव त्या यादीत नसते.

ही माणसे आपल्या ओळखीची आहेत. ती आपल्या वस्तीत राहतात, विहारात आपल्या शेजारी बसतात. बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या आपल्या कितीतरी मुलांची पहिली नोकरी ठेकेदाराकडेच लागते. म्हणून कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची काळजी घेणाऱ्या मालकांचा सन्मान हा विषय वरवर ‘कॉर्पोरेट’ वाटला, तरी आंबेडकरी युवकांनी त्याकडे नीट पाहावे असे आम्हाला वाटते. चांगल्या मालकाला चांगले म्हणण्याला आमचा विरोध नाही. प्रश्न इतकाच आहे, की चांगले कोण म्हणतो आणि कोणाला विचारून म्हणतो.

आजची पद्धत अशी आहे. खासगी प्रमाणपत्रासाठी कंपनी स्वतः अर्ज करते, शुल्क भरते आणि कर्मचाऱ्यांची यादी देते. त्या यादीतल्या लोकांना प्रश्नावली जाते. यादीबाहेरचा माणूस त्या हिशोबात जन्मालाच आलेला नसतो. सरकारी पुरस्कारांची रीत थोडी वेगळी आहे. केंद्रीय कामगार मंत्रालयाचे राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कार १९६५ पासून दिले जातात. अपघातांचे प्रमाण किती कमी, अपघाताविना किती काळ गेला, हा त्यांचा मुख्य निकष. निकष वाईट नाही. पण आकडा नोंदीवर चालतो आणि नोंद मालक करतो. ठेकेदाराच्या माणसाचे बोट मशीनमध्ये गेले आणि त्याला पाच हजार हातावर ठेवून गावी पाठवले, तर कारखान्याचे ते वर्ष कागदोपत्री अपघातमुक्तच राहते.

२०२४ च्या जुलैमध्ये पुण्यात एका जागतिक लेखापरीक्षण कंपनीत नोकरीला लागून चारच महिने झालेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाने लेकीचा जीव घेतला, असे पत्र तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिले आणि सप्टेंबरमध्ये ते बाहेर आल्यावर देश हादरला. कंपनीने आरोप नाकारला. राज्याच्या कामगार खात्याने तपासणी केली, तेव्हा कळले की २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. कामाचे तास ठरवणारा कायदा तोच. म्हणजे शिकलेल्या, गलेलठ्ठ पगाराच्या नोकरीतही तास मोजणारे कोणी नव्हते. त्या आईचे दुःख आपले आहे. आम्ही एवढेच नोंदवतो, की ड्रेनेजमध्ये उतरून गुदमरलेल्या पोराच्या आईचे पत्र कोणत्याही अध्यक्षापर्यंत पोहोचत नाही. त्या कामाला अध्यक्षच नसतो, उपठेकेदार असतो.

मालकाला मोजण्याचे माप आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षांपासून आहे. राजगृहात तथागतांनी सिगाल या गृहपतिपुत्राला केलेला उपदेश आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकला असेल. सिगाल आंघोळ करून सहा दिशांना हात जोडत होता. तथागतांनी त्याला त्या दिशांचा नवा अर्थ सांगितला: आईवडील पूर्व, आचार्य दक्षिण, आणि आपल्याकडे राबणारी माणसे ही खालची दिशा. या खालच्या दिशेसाठी मालकाने पाच गोष्टी करायच्या आहेत. ज्याच्या अंगात जेवढे बळ, तेवढेच काम द्यायचे. अन्न आणि वेतन द्यायचे. आजारी पडला तर शुश्रूषा करायची. घरात काही खास, चवीचे आले तर त्यातला वाटा द्यायचा. आणि वेळेवर सुट्टी द्यायची.

आज कंपन्या ज्याला ‘वेलनेस’ म्हणतात ते सगळे या पाचांत आहे, शिवाय दिवाळीचा बोनसही. पण आमचे लक्ष पुढच्या भागाकडे आहे. मालकाने एवढे केल्यावर कामगाराने काय करायचे, याचीही पाच कलमे तिथे येतात. त्यांतले एक असे, की त्याने मालकाची कीर्ती चारचौघांत सांगायची. म्हणजे चांगल्या मालकाचे प्रमाणपत्र कामगाराने द्यायचे आहे, तेही आधीची पाच कामे झाल्यावर. मालकाने फी भरून ते तिसऱ्याकडून घ्यायची कल्पना त्यात नाही.

(त्याच यादीत कामगाराने मालकाआधी उठावे आणि मालकानंतर झोपावे असेही एक कलम आहे. आठ तासांच्या दिवसासाठी लढलेल्या आपल्यासारख्यांना ते आज मान्य होणार नाही. ते लपवून सुत्त सांगण्यात अर्थ नाही. त्या काळाचे ते त्या काळाजवळ ठेवावे.)

बाबासाहेबांनी या शुश्रूषेला कायद्याचे रूप देण्याचा पाया घातला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे १९४३ मध्ये सोपवले गेले, ते याच खात्याकडून. पुढच्या वर्षी अहवाल आला आणि १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याची वाट त्यातून निघाली. बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता. या सगळ्यात मालकाच्या चांगुलपणाची वाट पाहिलेली नाही. आजारपणातला पगार हा हक्क आहे, त्यासाठी मालकाला हार घालावा लागू नये, ही त्यामागची भूमिका.

आता आजचे पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्याचे केंद्राने जाहीर केले. प्रत्येकाला नियुक्तिपत्र आणि चाळिशी ओलांडलेल्या कामगाराला वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी, या तरतुदींचा सरकारने मोठा गाजावाजा केला. कागदावर त्या चांगल्याच आहेत आणि आपण त्या मागून घेतल्या पाहिजेत. पण ठेका कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा केंद्रीय कायद्यात पूर्वी २० कामगारांची होती, ती नव्या संहितेत ५० झाली. एका मोठ्या कामाचे चाळीस-चाळीस माणसांचे तुकडे कसे पाडायचे, हे ठेकेदाराला कोणी शिकवावे लागत नाही.

त्याआधी, सप्टेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ पर्यंत आणि मोठ्या दुकाना-आस्थापनांतला ९ वरून १० तासांपर्यंत वाढवायला मान्यता दिली. जादा कामाची मर्यादा तिमाहीला १४४ तास झाली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, जादा तासांचे दुप्पट पैसे मिळतील, कामगाराची लेखी संमती लागेल, असे सरकार सांगते. कायम कामगार कदाचित नाही म्हणू शकेल. ठेक्यावरची बाई ‘संमती नाही’ असे लिहून देईल आणि दुसऱ्या दिवशी तिला गेटवर कोणी आत घेईल, यावर आमचा विश्वास नाही. बारा तास काम, येण्याजाण्याचे तीन, घरचा स्वयंपाक. यात योगाचा वर्ग कुठे बसवायचा? १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, तेव्हा ते कोणत्याही आरोग्य सप्ताहाचे उद्घाटन करत नव्हते.

सफाईच्या कामात तर सन्मानाचा खेळ आणखी उघडा पडतो. २०१९ मध्ये प्रयागराजला कुंभात पंतप्रधानांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले. २०२० पासून केंद्राने ‘सफाईमित्र सुरक्षा’ नावाने शहरांची स्पर्धा सुरू केली. पहिल्या फेरीत अव्वल ठरलेल्या शहरांत आपली नवी मुंबईही होती. यंत्रे घ्या, साधने द्या, प्रशिक्षण द्या, हे या स्पर्धेचे म्हणणे रास्तच आहे. पण माणसाला गटारात उतरवण्याला २०१३ चा कायदा बंदी घालतो. जे करणे गुन्हा आहे ते केले नाही म्हणून बक्षीस देण्याची पद्धत आम्हाला कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई पूर्ण थांबवायला सांगितले. ही कामे कोण करतो ते सरकारी आकडेच सांगतात: २०२४ मध्ये नोंदवलेल्या सुमारे ३८ हजार गटार व सेप्टिक टँक कामगारांपैकी जवळजवळ ६९ टक्के अनुसूचित जातींचे आहेत. कामाच्या ठिकाणचे आरोग्य हा म्हणूनच आपल्याकडे जातीचा प्रश्न आहे.

खरी दखल कशी दिसते, याचे उदाहरण लांब शोधायला नको. पुण्यात १९९३ मध्ये, डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या या बहुसंख्य बायका दलित समाजाच्या. त्यांनी कोणाकडे पुरस्कार मागितला नाही. ‘आम्ही कचरा उचलतो, म्हणून महापालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचतो, तेव्हा आम्हाला कामगार म्हणा,’ हा त्यांचा मुद्दा होता. आधी महापालिकेची मान्यता असलेले ओळखपत्र मिळाले. मग २००२-०३ च्या सुमारास महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. पुढे २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था दारोदारच्या कचरा संकलनाला लागली. ज्या पालिकेने त्यांना कधी नोकरीवर ठेवले नव्हते, तिला त्यांनी मालकाचे एक कर्तव्य पार पाडायला लावले. कराराच्या नूतनीकरणासाठी त्यांना पुढेही पुन्हा पुन्हा झगडावे लागले, हेही खरे. ओळखपत्र ही एकदा मिळाली की संपली अशी गोष्ट नाही.

मुंबईत उलटे झाले. महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना कागदावर कामगार म्हटलेच जात नव्हते, त्यांना ‘स्वयंसेवक’ ठरवले होते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने न्यायालयीन लढाई दिली. २,७०० कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये कायम ठेवला. त्यानंतरही नावाच्या स्पेलिंगमधल्या फरकावरून अनेकांना ताटकळत ठेवले गेले.

आणि आता आपल्या घरातले. आपल्या समाजातही आज उद्योजक आहेत, ठेकेदार आहेत, शिक्षणसंस्था चालवणारे आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. दर १४ एप्रिलला जयंती उत्सव समित्या त्यांना मंचावर बोलावतात, शाल, पुष्पगुच्छ आणि संविधानाची प्रत देतात. वर्गणीचा आकडा पाहून निवड होते, हे आपण सगळे जाणतो; बोलत नाही. आम्हीही अशा मंचांवर टाळ्या वाजवल्या आहेत. त्या उद्योजकाकडच्या सुरक्षारक्षकाला आठवड्याची सुट्टी मिळते का, त्या संस्थेतल्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकेला बाळंतपणाची रजा मिळते का, हे आम्ही विचारले नव्हते.

विचारायला फारसे काही लागत नाही. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि योजनेच्या कक्षेत येणाऱ्या कामगाराचा राज्य विमा उतरवणे मालकाला बंधनकारक आहे. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, कुटुंबाला औषधोपचार मिळतो. अनेक ठेकेदार पैसे कापतात आणि भरत नाहीत. कामगाराने स्वतःचा विमा क्रमांक टाकून मोबाइलवर पाहिले तर किती महिने भरणा झाला ते दिसते. भविष्यनिर्वाह निधीचेही तसेच. वस्तीतल्या दहावी-बारावीच्या मुलांना हे करून देता येते. एका रविवारी विहारात दोन मोबाइल आणि एक वही घेऊन बसले तरी पन्नास घरांचा हिशोब लागतो.

मग जयंती समितीने सुत्तातलेच पाच प्रश्न घेऊन त्या उद्योजकाच्या नव्हे, त्याच्या ठेकेदाराकडच्या माणसांना भेटावे. काम झेपेल एवढेच आहे का? पगार वेळेवर आणि पूर्ण मिळतो का? आजारी पडलात तेव्हा काय झाले? दिवाळीला काय मिळाले? सुट्टी मागितली तर साहेब काय म्हणतात? मालकाला न कळता, कामाच्या जागेबाहेर, शक्यतो बाईने बाईला विचारावे. ज्याच्याबद्दल त्याची माणसे चांगले बोलतील त्याला खुशाल बोलवावे, मग त्याने वर्गणी शंभर रुपयेच दिलेली का असेना. यंदा कोणीच सापडले नाही तर ती शाल कपाटात राहू द्यावी. निवडीच्या बैठका मार्चमध्ये होतात, आणि अशा चौकशीला महिना तरी लागतो. तेव्हा सुरुवात फेब्रुवारीत करावी लागेल.