संसारांतील व्यवहार : तंबोरा फुटून आला, तर?

मिरजेचा तंबोरा घरीं येणार म्हटलें म्हणजे लहानथोरांस एखादा पाहुणाच येत असल्यासारखें वाटतें. एके काळीं शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या वंशजांनीं ही कारागिरी तेथें वाढविली, आणि २०२४ सालीं मिरजेची सतार व तंबोरा यांस भौगोलिक मानांकनहि मिळालें. परंतु लौकिक कितीहि मोठा झाला, तरी तंबोऱ्याचा भोपळा शेवटीं भोपळाच! वाटेंत एखादा धक्का बसला, कीं त्यास तडा जावयास वेळ लागत नाहीं. अशा वेळीं भरपाई कशी मागावी, हें आज पाहूं.

समजा, सांगलीच्या काकांनीं नागपुरास असलेल्या पुतणीसाठीं तीस हजारांचा तंबोरा रेल्वेच्या पार्सलानें धाडला. पेटीसह वजन पंधरा किलो भरलें. पावती हातीं पडली, कीं पुऱ्या किंमतीची जबाबदारी रेल्वेवर गेली, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाहीं. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १०३ व्या कलमाप्रमाणें, मालाची किंमत लेखी जाहीर करून तीवरील जादा आकार भरला नसेल, तर भरपाईची कमाल मर्यादा वजनावर ठरते. आणि १९९० च्या नियमांनीं ती किलोस ५० रुपये अशी घातलेली आहे. म्हणजे तीस हजारांच्या तंबोऱ्याबद्दल फार तर साडेसातशें रुपये!

हा जादा आकार म्हणजे विमा नव्हे, हेंहि ध्यानांत ठेवावें. त्यानें वाहून नेणाराची जबाबदारी वाढते, इतकेंच. विमा हा विमा कंपनीशीं केलेला निराळा करार होय, आणि अपुऱ्या बांधणीमुळें झालेलें नुकसान त्यांत बहुधा वगळलेलें असतें. म्हणून तारा सैल करून, भोपळ्याभोंवतीं मऊ भरण घालून, तंबोरा मजबूत लांकडी पेटींत बसवावा. पेटी बंद करण्यापूर्वीं छायाचित्र काढावें, आणि खरेदीची पावती जपून ठेवावी.

येथवरचें काम काकांचें. खरी अडचण पुढेंच आहे. एकत्र कुटुंबांत पैसे भरतो एक आणि माल सोडवून आणावयास जातो दुसरा. ज्यास फुरसत असेल त्या मुलास धाडलें जातें. पेटीची एक फळी निखळलेली त्यास दिसतेहि. परंतु मागें लोक खोळंबलेले असतात, कारकून घाईंत असतो, आणि तो भिडेनें सही करून मोकळा होतो. माल सुस्थितींत मिळाल्याची ती सही पुढें आपल्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभी राहते. वास्तविक पेटी मोडलेली किंवा उघडल्यासारखी दिसली, तर ती समक्ष उघडून, तपासून ताबा मागण्याचा हक्क त्याच कायद्याच्या ८१ व्या कलमानें दिलेला आहे. यासच ‘ओपन डिलिव्हरी’ म्हणतात. ती मागण्यांत उद्धटपणा मुळींच नाहीं.

तडा आढळल्यास पेटी, भरण व चिठ्ठ्या फेकूं नयेत. पाहणी होण्यापूर्वीं तंबोरा दुरुस्तीस देऊं नये. मात्र कारागिराकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा. नंतर लेखी मागणी करावी, कारण तोंडी तक्रारीवर दावा उभा राहत नाहीं. रेल्वेकडे ही मागणी माल स्वाधीन केल्यापासून सहा महिन्यांच्या आंत पोहोंचली पाहिजे, असें १०६ वें कलम सांगतें. मुदत माल पाठविल्या दिवसापासून मोजतात, मिळाल्या दिवसापासून नव्हे. तेवढ्यानें न भागल्यास, त्याच दिवसापासून तीन वर्षांच्या आंत रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जातां येतें. मालमोटारीनें धाडलेल्या मालास २००७ चा निराळा कायदा लागू असून, दाव्यापूर्वींच्या नोटिशीसाठीं त्यांत १८० दिवसांची मुदत आहे.

भोपळा फुटल्याचें दुःख कांहीं दिवसांनीं ओसरतें. ‘सही कोणी केली?’ या प्रश्नावरून घरांत जो बेसूर लागतो, तो मात्र लवकर जुळत नाहीं. मुलास दोष देण्यांत अर्थ नसतो. त्यास आधीं कोणी सांगितलेलेंच नसतें. यास्तव पेटी निघेल त्याच दिवशीं पावतीची नक्कल नागपुरास धाडावी, आणि सोबत इतकेंच लिहावें : पेटी नीट पाहिल्यावांचून सही करूं नये.