पाच नंबरला दहा सामने द्या

मंडळी, परवा रविवारी सामना सुटल्यावर मी स्टेडियमबाहेर चहाच्या गाडीपाशी बराच वेळ उभा होतो. आपण एक-शून्यनं हरलो होतो, तेही पेनल्टीवर. तुमचं बोलणं कानावर पडत होतं. "ह्या पाच नंबरला आणला कुणी?" "दोन मॅचमध्ये दोन पेनल्ट्या!" "रेफ्री फितूर झालाय." कुणीतरी त्या पोराच्या डोळ्यांवरून, चेहऱ्यावरून बोललं आणि दहाबारा जण हसले. मी तेव्हा गप्प बसलो. घरी गेल्यावर जेवण गेलं नाही, म्हणून आज लिहितोय.

मी तुमच्यातलाच आहे. राजर्षी शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसायला लागून मला चाळीस वर्षं होत आली. पेठेसाठी घसा बसेपर्यंत ओरडलोय, हरल्यावर रात्रभर जागलोय. कोल्हापूरला फुटबॉल कुणी शिकवायला नको. ज्या गावात गांधी मैदानावर शाळेची दप्तरं रचून पोरं गोलपोस्ट करतात, त्या गावाला खेळ कळतो. म्हणूनच माझी मागणी मोठी आहे. ज्याला खेळ कळतो त्यानं नीट बघून बोलावं.

पहिली पेनल्टी आठवा. डावीकडून क्रॉस आला, आपला पाच नंबर हेड मारायला उडाला आणि जेमतेम दोन हात अंतरावरून चेंडू त्याच्या पसरलेल्या हातावर आदळला. रेफ्रीनं शिट्टी फुंकली. नियम काय म्हणतो? चेंडू हाताला लागला की पेनल्टी, असं नियमात कुठंही नाही. हात मुद्दाम चेंडूकडे नेला, किंवा हात पसरून अंगाचा आकार अस्वाभाविकपणे वाढवला, तर गुन्हा. हात त्या वेळी तिथं का होता, शरीराच्या हालचालीत तो तिथं येणारच होता का, हे रेफ्रीनं ठरवायचं. काखेच्या खालच्या टोकाच्या रेषेवरचा खांदा हातात धरत नाहीत. आता तुम्हीच एकदा जागेवर उडी मारून बघा. हात अंगाला चिकटवून कुणालाही उंच उडता येत नाही. माझ्या मते ती पेनल्टी द्यायला नको होती. निर्णय कठोर होता, हे मी तुमच्याबरोबर म्हणतो. पण पोराचा हात खांद्याच्या वर आणि बाहेर होता, हेही मी पाहिलंय. दुसऱ्या रेफ्रीनं ती दिली नसती, तिसऱ्यानं दिली असती. अशा निर्णयाला चूक म्हणता येईल, चोरी म्हणता येणार नाही.

दुसरी पेनल्टी, परवाची, बरोबर होती. फाऊल रेषेवर झाला आणि रेषा ही मोठ्या डीचाच, म्हणजे पेनल्टी क्षेत्राचाच, भाग असते. "बाहेर होता, बाहेर होता" म्हणून आपण पंधरा मिनिटं ओरडत राहिलो, ते चुकीचं होतं.

पण त्या फाऊलच्या आधी काय झालं ते किती जणांनी पाहिलं? आपला राईट बॅक पुढं गेला होता, तो परतलाच नाही. मधल्या फळीतल्या आपल्या सगळ्यात लाडक्या खेळाडूनं टाच मारून पास द्यायचा प्रयत्न केला आणि चेंडू घालवला. समोरचे दोघं सुटले आणि मधे हा एकटा. एकट्या डिफेंडरनं दोघांसमोर काय करायचं असतं? अंगावर धावून जायचं नसतं. मागं मागं सरकत, चेंडूवाल्याला कडेला ढकलत वेळ काढायचा, म्हणजे बाकीचे परत येतात. त्यानं तेच केलं. मी मोजलं नाही, पण चार-पाच सेकंद तरी त्यानं त्या दोघांना थोपवून धरलं. कुणी परत आलं नाही. शेवटी डीच्या तोंडाशी त्याला पाय घालावा लागला. चेंडू घालवणाऱ्याला आपण टाळ्या वाजवत घरी पाठवलं आणि आग विझवायला धावलेल्याच्या अंगावर ओरडलो.

डिफेंडरचं काम असंच असतं. फॉरवर्डनं नऊ संधी घालवल्या आणि दहावी जाळ्यात मारली तर त्याला खांद्यावर घेतात. डिफेंडरनं नऊ चेंडू काढले आणि दहावा चुकला तर तो दहावाच लक्षात राहतो. त्याचं सगळ्यात चांगलं काम तर दिसतही नाही. तो दोन पावलं आधीच योग्य जागी उभा असतो, म्हणून समोरचा पास देतच नाही आणि चेंडू दुसरीकडे जातो. त्यात बघण्यासारखं काही घडत नाही, म्हणून टाळीही मिळत नाही. पुढच्या सामन्यात पंधरा मिनिटं एवढंच करा. चेंडू सोडा आणि नुसतं पाच नंबरकडे बघा. तो कुठं सरकतो, केव्हा हात वर करून ओळ पुढं ओढतो, मान किती वेळा मागं वळवतो ते बघा. मग बोला.

आणि तो नवा आहे. बचावफळी ही चार माणसांची एक दोरी असते. एकानं ओढली की चौघांनी ओढायची. ऑफसाईडसाठी ओळ पुढं काढताना एक जण अर्धा पाऊल मागं राहिला की सगळं फसतं. कीपर कुठला चेंडू बाहेर येऊन घेतो आणि कुठला सोडतो, शेजारचा डाव्या पायानं काढतो की उजव्या, हे सांगून कळत नाही. ते एकत्र खेळून अंगात मुरतं. त्यात हा पोरगा मणिपूरचा. आपली पोरं मैदानात काय ओरडतात? "सोड! घे! मागं माणूस हाय!" हे त्याला कळायला मराठी यायला हवं, आणि तीही आपली मराठी. पहिल्या सामन्यात कीपर "सोड" म्हणून ओरडला आणि यानं चेंडू काढायला पाय घातला, तेव्हा गॅलरी हसली. त्याला तो शब्दच माहीत नव्हता, मंडळी.

तुमच्यापैकी निम्म्यांच्या मोबाईलवर मँचेस्टर युनायटेडचं चित्र असतं, म्हणून तिथलंच सांगतो. जानेवारी २००६ मध्ये त्यांनी दोन नवे डिफेंडर घेतले, पॅट्रिस एव्हरा आणि नेमान्या विडिच. एव्हराचा पहिला सामना मँचेस्टर सिटीशी, १४ जानेवारीला. त्याला इतकं जड गेलं की मध्यंतरालाच बाहेर काढलं. युनायटेड ३-१ हरलं. विडिचचेही सुरुवातीचे महिने अवघड गेले. त्यांना तेव्हाच परत पाठवलं असतं तर? पुढं दोघांनी युनायटेडसाठी प्रत्येकी पाच वेळा प्रीमियर लीग जिंकली, २००८ ची चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि विडिच कर्णधार झाला. त्यांच्याजवळ जगातले सगळ्यात चांगले प्रशिक्षक होते, रोजचा सराव होता, तरीही वेळ लागला. आपल्या पोराला संघाच्या, म्हणजे आपल्या तालमीच्या, खोलीत राहून, इथला उकाडा सोसत, दोन सामन्यांत जमावं असं आपण कसं म्हणतो?

त्याहून जवळची गोष्ट गोव्याची आहे. ती मला फार मोलाची वाटते. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना. घरच्या मैदानावर एफसी गोवा ८७व्या मिनिटाला २-१ नं पुढं गेलं. गोव्याच्या गोलात गोव्याचाच लक्ष्मीकांत कट्टीमणी. नव्वदाव्या मिनिटाला त्याच्या नावावर स्वयंगोल लागला. दोन मिनिटांत चेन्नईयिननं तिसरा मारला आणि चषक गेला. स्वतःच्या माणसांसमोर, स्वतःच्या मैदानावर, शेवटच्या क्षणी. त्या रात्री त्याच्या मनात काय चाललं असेल याचा विचार मी आजही करतो.

मग २० मार्च २०२२ आला. मैदान तेच, फातोर्डा. स्पर्धा तीच, सामनाही अंतिमच. कट्टीमणी आता हैदराबादच्या गोलात होता. त्या संघात आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. स्टेडियम केरळा ब्लास्टर्सच्या पिवळ्या रंगानं भरलेलं. सामना १-१ राहिला, टायब्रेकर झाला आणि कट्टीमणीनं तीन पेनल्टी अडवल्या. हैदराबाद विजेतं झालं. सहा वर्षं आणि तीन महिने. २०१५ च्या रात्रीनंतर त्याला कुणीच उभं केलं नसतं तर त्या तीन पेनल्टी अडवायला तो तिथं नसता.

आता रेफ्रीबद्दल. पेनल्टी ही कठोरच शिक्षा आहे आणि ती मुद्दाम तशी केलेली आहे. पूर्वी गोल होतोय असं दिसलं की बचावातले खुशाल हातानं चेंडू अडवायचे किंवा पाय ओढायचे, आणि शिक्षा किरकोळ. आयर्लंडमधल्या विल्यम मॅक्रम नावाच्या गोलकीपरनं पेनल्टीची कल्पना मांडली आणि १८९१ साली ती नियमात आली. गोलपासून अकरा मीटरवर चेंडू, समोर एकटा कीपर. चारपैकी साधारण तीन तरी आत जातात. डीच्या कोपऱ्यात, गोलकडे पाठ करून उभ्या असलेल्या खेळाडूला जरासा धक्का लागला तरी शिक्षा तीच. गुन्हा लहान आणि शिक्षा मोठी, असं तिथं होतं, हे मला मान्य आहे. पण ते नियमाचं आहे. रेफ्रीला त्यात कमी-जास्त करता येत नाही. निम्मी पेनल्टी नावाची गोष्ट नाही.

आपल्या रेफ्रीला चित्रफीत बघायला पडदा नाही, दुसऱ्यांदा बघायची सोय नाही. बावीस जणांबरोबर धावत, कधी तीस मीटर मागून, मधे चार पाठी आलेल्या असताना त्याला एका नजरेत ठरवावं लागतं. आणि पडदा असता तर भांडण मिटलं असतं असंही नाही. २०१८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला. रेफ्री पिटाना यांनी पडद्यापाशी जाऊन पुन्हा पुन्हा पाहिलं आणि फ्रान्सला पेनल्टी दिली. सगळ्या जगानं तीच चित्रफीत पाहिली, आणि लोक अजूनही दोन्ही बाजूंनी वाद घालतात. जिथं एवढं करून एकमत होत नाही, तिथं आपल्या गावातला नोकरी सांभाळून शिट्टी वाजवणारा माणूस विकला गेलाय असं म्हणताना जीभ अडखळायला हवी.

निर्णय पटला नाही तर वाद घाला. चहाच्या गाडीवर तासभर घाला, मीही येतो. तालमीमार्फत संयोजकांकडे लेखी तक्रार द्या. पण बाटली फेकू नका, कुंपणावर चढू नका. सामना थांबला, पोलीस आले, की नुकसान आपल्याच पोरांचं होतं. त्यांचे हंगामाचे दिवस बुडतात, आणि शेजारी बसलेली आईबापं लहान पोरांना पुन्हा स्टेडियमवर आणत नाहीत. मी हे होताना पाहिलंय.

मोबाईलवर लिहिणाऱ्या तरुणांना वेगळं सांगतो. पासवर टीका करा, टॅकलवर करा, उभं राहण्याच्या जागेवर करा. खेळाडूचं रूप, रंग, प्रांत, आईबहीण यांवर एक अक्षरही नको. तुम्हाला वाटतं रागात लिहिलं आणि विसरलो. तो खोलीत एकटा बसून वाचतो. १९९४ च्या विश्वचषकात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल झाला. चेंडू अडवायला घसरला होता तो, काम करत होता. दहा दिवसांनी त्याच्याच मेडेयिन शहरात त्याला गोळ्या घातल्या. सत्तावीस वर्षांचा होता. आपल्याकडे तसं होईल असं मी म्हणत नाही. पण एका चुकीवरून माणसाचा किती द्वेष करायचा हे गर्दीला एकदा समजेनासं झालं की ती कुठं थांबेल हे कुणाच्याच हातात राहत नाही.

तालमीच्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. पोरगा आणलाय, तर त्याला दोन सामन्यांनंतर बाकावर बसवू नका. संध्याकाळी कट्ट्यावर बोलवा, कुणाच्या तरी घरी जेवायला न्या, मैदानावरचे वीस शब्द शिकवा. कीपर आणि तो रोज अर्धा तास नुसत्या क्रॉसवर सराव करू देत. दहा सामने द्या. दहा सामन्यांनंतरही जमलं नाही तर मीच तुमच्याबरोबर बसून सांगेन की आता दुसरा बघा, आणि तेव्हाही त्याला मानानं, गाडीत बसवून निरोप देऊ.

बुधवारी चार वाजता आपला सामना आहे. अर्धा तास आधी या. तो लवकर येतो, गोलपोस्टच्या मागं भिंतीवर चेंडू मारत असतो. रविवारी आपण नव्वद मिनिटं त्याला "ए पाच नंबर" म्हणत होतो. त्याचं नाव तालमीच्या फळ्यावर लिहिलेलं आहे. मी ते दोनदा विचारून, त्याच्याच तोंडून ऐकून पाठ केलंय. त्याला नावानं हाक मारा. उच्चार जमत नसेल तर माझ्याकडे या, मी खालच्या पहिल्या पायरीवर बसलेला असतो.