आवाज मोठा नको, शब्द कळू देत!

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीत आमच्या मुखेडच्या घरी दोन नवे स्पीकर आले. आमचे हे आणि मोठा मुलगा नांदेडहून ते घेऊन आले, तेव्हा घरात नुसती धांदल! शोकेसवर, अगदी वरच्या दोन कोपऱ्यांत, मुलाच्या बक्षिसांशेजारी त्यांची थाटात स्थापना झाली. संध्याकाळी सासूबाईंसाठी मुद्दाम गीतरामायण लावलं. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून वर्षभर गाजलेली ती गदिमांची आणि बाबूजींची ५६ गीतं सासूबाईंना जवळजवळ पाठ आहेत.

दहा मिनिटांत त्या उठल्या. "नुसतं घुमतंय माय. बोल काही कळंना," म्हणाल्या आणि आत जाऊन माळ ओढत बसल्या. मग मुलानं आवाज वाढवला, तर आणखीच घुमायला लागलं. पंधरा दिवसांत त्यांचं बैठकीत येणं बंद झालं. आणि घरात ठरूनही गेलं, की आईंना आता कमी ऐकू येतं!

मला मात्र ते पटेना. मी स्वयंपाकघरातून हळू हाक मारली तरी त्या 'ओ' देत. मग दोष कानांचा की आमच्या बैठकीचा?

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. सुटीच्या दिवशी रिकाम्या वर्गात बोललं, की आपलाच आवाज अंगावर येतो. मुलं येऊन बसली, की तोच वर्ग कसा शहाण्यासारखा वागतो! कारण कपडे, दप्तरं आवाज पिऊन टाकतात. आमची बैठक दहा बाय बारा फुटांची. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, भिंती उघड्या. म्हणजे रिकामा वर्गच की! विजापूरच्या गोल घुमटात आपण हौसेनं टाळी वाजवून प्रतिध्वनी ऐकतो. घरात तो कशाला हवा?

तुम्हीही खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवून पाहा. मागे 'टण्ण' असा नाद उरला, तर समजा खोलीला मऊपणा हवा आहे. आम्ही स्पीकरसमोरच्या मोकळ्या जागेत जाड सतरंजी अंथरली, खिडकीला दुपदरी पडदा लावला आणि समोरच्या भिंतीला पुस्तकांची मांडणी सरकवली. ट्रंकेतली आजीची गोधडी भिंतीवर टांगली, ती शोभेची शोभाही झाली.

आता जागा. स्पीकर कोपऱ्यात ठेवला, की जवळच्या भिंती त्याचा खर्ज फुगवतात. दुकानात तो धमधमाट छान वाटतो, घरात मात्र त्याखाली शब्द बुडतात. स, श, त, क ही अक्षरं मुळातच बारीक आणि उंच स्वराची. वय वाढलं की आधी तीच ऐकू येईनाशी होतात. म्हणजे कोपऱ्यातल्या स्पीकरचा त्रास घरात सगळ्यांत आधी म्हाताऱ्या माणसांना होतो, आणि बोल मात्र त्यांच्या कानांना लागतो! म्हणून मागच्या भिंतीपासून हातभर आणि बाजूच्या भिंतीपासून त्याहून थोडं जास्त अंतर सोडा. मुळीच जागा नसेल तर निदान कोपरा तरी टाळा.

दुसरी गोष्ट उंचीची. स्पीकरमधली छोटी वाटी, म्हणजे ट्वीटर, ती ऐकणाऱ्याच्या कानाच्या पातळीला हवी. खर्ज खोलीभर पसरतो, पण टिपेचे स्वर विजेरीच्या झोतासारखे सरळ जातात. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतो, खाली मांडी घालून बसलेल्याचा अडीच फुटांवर. आमचे स्पीकर होते सहा फुटांवर आणि सासूबाई बसायच्या खाली गादीवर! सगळे शब्द त्यांच्या डोक्यावरून चालले होते. आम्ही दोन भक्कम स्टुलं काढली आणि स्पीकरची तोंडं किंचित आत, त्यांच्या गादीकडे वळवली.

दोन स्पीकर असतील तर समभुज त्रिकोण आठवा. दोन्हींमध्ये जेवढं अंतर, तेवढंच त्यांच्यापासून ऐकणाऱ्याचं. छोट्या खोलीत पाच-सहा फूट पुरे. स्पीकरखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवले, की हादरे खाली उतरत नाहीत आणि शोकेसमधल्या कपबशा खुळखुळत नाहीत. वायरी जोडताना लालला लाल, काळ्याला काळी. एका स्पीकरची जरी उलटी लागली, तरी खर्ज गायब होतो आणि गाणं पोकळ वाटतं.

तुम्हाला अजून खरेदी करायची असेल, तर थोडं ऐका. खोक्यावर 'पी.एम.पी.ओ.' म्हणून हजारो वॅट छापलेले असतात. त्याला भुलू नका, 'आर.एम.एस.' किती ते विचारा. वॅट दुप्पट झाले तरी आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम ३ डेसिबलनं वाढतो. छोट्या बैठकीला दर स्पीकरमागे पंधरा-वीस खरे वॅट भरपूर झाले. दुकानात आपलं पाठ असलेलं गाणं न्या, लहान आवाजात लावायला सांगा आणि शब्द ऐका. दुकानदार खर्ज वाढवून दाखवायला लागला, तर हसून नको म्हणा. आणि घरात मुख्यतः १९५०-६० च्या काळातली गाणी वाजत असतील, तर त्यांतली बहुतेक ध्वनिमुद्रणं 'मोनो' आहेत. दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो. तेव्हा दोन सुमार घेण्यापेक्षा एक चांगला घेतला तरी बिघडत नाही. सपाट टीव्हीचे स्पीकर तर बहुधा मागे किंवा खाली तोंड करून असतात. मालिकेतलं बोलणं कळत नाही म्हणून आवाज वाढवत बसण्याऐवजी असा एक स्पीकर टीव्हीला जोडून समोर ठेवा.

एक मात्र सांगते, आम्ही सासूबाईंचे कान तपासून घेतलेच. वयोमानानं उंच स्वर थोडे कमी झालेत, असं डॉक्टर म्हणाले. तुमच्याही घरात कुणी 'काय?' 'काय?' विचारत असेल, तर खोली सुधारा आणि कानही दाखवा. एकामुळे दुसरं टाळू नका.

एकादशीला सगळी मांडणी झाल्यावर मी पुन्हा गीतरामायण लावलं आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळानं माळेचा आवाज थांबला. डोकावून पाहते तो सासूबाई गादीवर येऊन बसलेल्या, ओठ हलताहेत, एका हातानं ठेका चाललाय. मला पाहून म्हणाल्या, "पोरी, आवाज जरा कमी कर की. मी काय बहिरी हाय का?"

मी लगेच कमी केला. मैत्रिणींनो, आज संध्याकाळी तुमच्या बैठकीतही एक टाळी वाजवून पाहा बरं!