टेक म्हणजे घेणे, पण कुठे?

‘टी-ए-के-ई टेक, टेक म्हणजे घेणे.’ मराठी शाळेच्या वर्गाबाहेरून जाताना हा घोष आजही कानी पडतो. मागोमाग टेक, टूक, टेकन. स्पेलिंग पाठ, तिन्ही रूपे पाठ, अर्थही पाठ. शब्द आला असे धरून वर्ग पुढच्या शब्दाकडे वळतो. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणले, तो निर्णय चांगलाच होता. पण शाळेत वर्षानुवर्षे इंग्रजी शिकलेली मुले इंग्रजीतली साधी सूचना वाचताना अडखळतात, आणि ती जितकी लांबलचक शब्दांवर अडतात तितकीच अशा चार अक्षरांच्या क्रियापदांवर अडतात.

सूचनाफलकावर सभा ‘टेक प्लेस’ होणार असते. घोकलेल्या अर्थाने पाहिले तर सभा जागा घेणार. तिथे म्हणायचे असते एवढेच, की सभा होणार आहे. विमान ‘टेक ऑफ’ करते तेव्हा ते उडते, आणि बूट ‘टेक ऑफ’ करा म्हटले की ते काढायचे असतात. प्रवासाला दोन तास ‘टेक’ होतात, म्हणजे लागतात. फोटो काढतात, ताप बघतात, पाहुण्याला बसा म्हणतात, कुत्र्याला फिरायला नेतात, आणि मुलगी आईवर गेलेली असते. इंग्रजीत या प्रत्येक ठिकाणी टेक आहे, मराठीत एकाही ठिकाणी घेणे नाही. परीक्षेच्या बाबतीत तर सारेच उलटे. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर ती घेतात. इंग्लंडात विद्यार्थीच ती ‘टेक’ करतो. विद्यार्थ्याने परीक्षा ‘टूक’ केली असे वाचणाऱ्या मुलाला तो विद्यार्थी एकदम परीक्षक वाटला, तर त्याला दोष कसा द्यायचा? आणि तोच मुलगा ‘आय गेव्ह द एक्झाम’ लिहितो तेव्हा त्याखाली लाल रेघ मारून पुढे जाणे हा अन्याय आहे. त्याने आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळलेला असतो. दोन्ही भाषांत देणारा कोण आणि घेणारा कोण, हे फळ्यावर शेजारी शेजारी मांडून दाखवायला पाच मिनिटे पुरतात.

मुळात हा शब्द इंग्रजीचा घरचाही नाही. जुन्या इंग्रजीत घेण्यासाठी ‘निमन’ हे क्रियापद होते. आजच्या जर्मनमधले ‘नेमेन’ त्याच कुळातले. नवव्या शतकापासून डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत येऊन स्थायिक झाले. त्यांनी आपला ‘टाका’ आणला आणि पुढच्या काही शतकांत त्याने निमनला पार हटवले. इतक्या रोजच्या वापरातले क्रियापद परक्यांकडून येऊन असे रुजावे, ही भाषांच्या इतिहासात नेहमी घडणारी गोष्ट नव्हे. आणि जे क्रियापद स्वयंपाकघरापासून दरबारापर्यंत सगळीकडे वावरते, त्याला एकच अर्थ सांभाळून राहणे शक्यही नसते.

आमच्या मुलांना हे समजणे अवघड का जावे? ‘जेवून घे’ असे आई म्हणते तेव्हा कोण काय घेते? ‘ऐकून घे’, ‘अंग पुसून घे’, ‘रडून घेतले’ यांत घेणे आपला मूळचा अर्थ टाकून नुसते दुसऱ्या क्रियापदाच्या सोबतीला उभे असते. इंग्रजीतल्या ‘टेक अ वॉक’, ‘टेक अ लुक’मध्येही टेक जवळजवळ रिकामे असते, अर्थ सारा चालण्यात आणि पाहण्यात. सहा वर्षांच्या मराठी मुलाला ही रीत जन्मापासून ठाऊक आहे. ती त्याच्या भाषेतून वर काढून दाखवली, तर इंग्रजीचे निम्मे भय तिथेच जाईल. वर्गात मराठी बोलणे हा इंग्रजीच्या तासाचा अपराध मानणाऱ्या संस्थाचालकांनी याचा जरूर विचार करावा.

शब्द कमी केले की भाषा सोपी होते, हाही भ्रमच. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली अवघ्या ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. क्रियापदे मोजकीच ठेवली, त्यांत टेक होते. यादी लहान झाली, पण गाळलेल्या क्रियापदांचे सारे ओझे या मोजक्या क्रियापदांवर येऊन पडले आणि शिकणाऱ्याला ते वेगळे उचलावेच लागले. मायकेल वेस्ट यांचे काम आपल्याला जास्त उपयोगाचे आहे. ते ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना काय जड जाते, हे त्यांनी वर्गात बसून पाहिले होते. १९५३ साली निघालेल्या त्यांच्या सुमारे दोन हजार शब्दांच्या यादीत शब्दापुढे त्याचे निरनिराळे अर्थ आहेत आणि कोणता अर्थ किती टक्के वेळा येतो, हेही दिले आहे. म्हणजे आधी काय शिकवायचे आणि काय मागे ठेवायचे, हे शिक्षकाला कळते. आपल्या उपखंडातल्या वर्गांत उमगलेली ही दृष्टी आपल्याच वर्गांत दिसू नये, याचे वाईट वाटते.

मागणी मोठी नाही. रोज दहा नवे शब्द वहीत उतरवून घेण्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस एकच जुने क्रियापद घ्यावे. त्याचे पाच-सहा वापर पूर्ण वाक्यांत लिहावेत आणि प्रत्येकापुढे मुलांनीच आपल्या बोलीतले वाक्य मांडावे. वऱ्हाडीत, मालवणीत, अहिराणीत, जी घरची असेल तिच्यात. परीक्षेतही शब्दाचा सुटा अर्थ विचारणे बंद करून वाक्य विचारावे. प्रश्नपत्रिका बदलली की शिकवणे आपोआप बदलते, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. पाठ्यपुस्तकांची पुढची आवृत्ती काढताना मंडळाने धड्याखालच्या शब्दार्थांच्या यादीपासूनच सुरुवात करावी.