'दुकान' या शब्दाचा अर्थ



लातूरला अकरावीत शिकणारी माझी नात दिवाळीच्या सुट्टीत नांदेडला आली होती. तिच्या सराव पुस्तिकेत राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदावर एक उतारा होता. अधोरेखित शब्दांचे अर्थ शब्दकोश न पाहता संदर्भावरून लिहावयाचे होते. पहिला शब्द 'केवळ'. तिने समोर 'फक्त' असे लिहिले आणि ती पुढे गेली.

मी तिला थांबविले. सदतीस वर्षे बँकेत धनादेश तपासले आहेत. 'रुपये पाचशे फक्त' यातील 'फक्त' रकमेपुढे कोणी काही वाढवू नये म्हणून असतो. अनुच्छेदातील 'केवळ' निराळे काम करतो. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकास दुकानात वा उपाहारगृहात मज्जाव करता येणार नाही, असा त्या वाक्याचा आशय आहे. मागील बाकी थकली म्हणून उधारी नाकारणारा दुकानदार या वाक्यात सापडत नाही. जात पाहून नाकारणारा सापडतो. (वसुलीचे काम केलेल्या माणसाला हा भेद चटकन कळतो.)

'दुकान' या शब्दापुढे तिने जागा कोरी ठेवली होती. "आजोबा, हा काय अवघड शब्द आहे?"

अवघड होता. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली. आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त होऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. दुकान म्हटल्यावर त्यात धोबी आणि न्हावी यांची दुकाने येतात काय, असा प्रश्न सभेत निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उत्तराचा आशय असा, की मागणाऱ्या कोणालाही आपली सेवा देण्याची जेथे मालकाची तयारी असते ती जागा म्हणजे दुकान. आणि येथे तो शब्द आत येऊ देण्यापुरता मर्यादित नसून, अटी मान्य असल्यास सेवा मिळण्याच्या व्यापक अर्थाने योजला आहे. पुढे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थाच्या आधारे खासगी शिक्षणसंस्थांनाही ही तरतूद लागू केली.

नात ऐकत होती. मग तिने विचारले, "आपल्या जुन्या दुकानात सगळे येत होते का?"

आमचे किराणा दुकान होते. माझ्या लहानपणी काही गिऱ्हाइके ओट्याच्या पायरीखालीच उभी राहत. माल चोख तोलून दिला जाई. मापात खोट नाही, याचा वडिलांना अभिमान होता. त्या गिऱ्हाइकांचे पैसे मात्र फळीवर ठेवून घेत आणि पाणी शिंपडल्यावर गल्ल्यात टाकत. अस्पृश्यता पाळणे गुन्हा ठरविणारा 1955 चा कायदा तेव्हा लागू होता. 1976 मध्ये त्याचे नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. त्याच सुमारास सुट्ट्यांमध्ये मीही गल्ल्यावर बसू लागलो होतो. पाणी शिंपडणे बंद झाले होते, पायरी तशीच होती. त्यांना वर या असे मी कधी म्हटल्याचे मला आठवत नाही.

"म्हणजे माल मिळत होता, पण आत येता येत नव्हते," ती म्हणाली. "उताऱ्यात तर 'दुकान' आणि 'प्रवेश' हे दोन्ही शब्द जवळजवळच आहेत."

पुस्तिकेच्या शेवटी उत्तरे छापली होती. 'दुकान' या शब्दापुढे होते : विक्रीचे ठिकाण. तिने ते वाचले आणि आपल्या कोऱ्या जागेत 'प्रवेश व सेवा, दोन्ही' असे लिहिले.